उरलेला कापूस

थंडीच्या तोंडाला घरोघर गाद्या-रजया उसवतात. कापूस पिंजून घेतात. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून दारात येई. आता बहुतेक ठिकाणी कापूस यंत्रावर पिंजतात. कसाही पिंजला, तरी खोळ भरून झाल्यावर ओंजळ-दोन ओंजळ कापूस उरतोच.

सून विचारते, "आत्याबाई, ह्यो कापूस उकिरड्यावर टाकू का?"

"अगं, टाकतीस कशाला? बांध फडक्यात. लागंल कशाला तरी."

असा बांधलेला कापूस बहुधा माळ्यावरच राहतो. मग उंदीर त्यात बिऱ्हाड करतात! म्हणून तो कशाला लागेल, ते आपण पाहू.

आधी कापूस निवडावा. कुबट वासाचा, उंदरांनी घाण केलेला कापूस घेऊ नये. बाकीचा उन्हात पसरावा. काठीने हलके झोडपावा. झोडपताना नाकातोंडाला फडके बांधावे, नाही तर धूळ छातीत जाते. गुठळ्या बोटांनी सोडवाव्यात.

वाती कशा वळायच्या, ते आम्ही सांगायला नको. बायकांना ते आमच्यापेक्षा चांगले येते. चुंबळही सोपी आहे. जुन्या लुगड्याची हातभर लांब, चार बोटे रुंद नळी शिवावी. तीत कापूस ठासून भरावा आणि दोन्ही टोके जोडावीत. डोक्यावर हंडा जड लागत नाही.

बाळासाठी दुपटे करायचे, तर थोडे लक्ष द्यावे लागते. कापसाचे तुकडे कात्रीने कापून शेजारी-शेजारी मांडू नयेत. मध्ये फट राहते. कडा बोटांनी विरळ कराव्यात आणि एकीवर एक चढवाव्यात. वर-खाली मऊ जुने कापड घालावे. चार-चार बोटांवर धावदोरा घालावा. टाके लांब-लांब पडले, तर पहिल्याच धुण्यात सगळा कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो.

आता ऊब कुठून येते, ते पाहा. कापसाजवळ स्वतःची ऊब नसते. त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. ती हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कापूस दडपला, की हवा निघून जाते. म्हणून तर जुनी रजई थंड लागते.

हीच युक्ती चुलीच्या कामी येते. दोन-तीन वर्षांचा कापूस साठला, की एक लाकडी खोके घ्यावे. कापूस पिशव्यांत भरून खोक्याच्या तळाशी व चारी बाजूंनी लावावा. मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवावी. भाताला चांगली उकळी आली, की पाचएक मिनिटांनी झाकण घट्ट लावून पातेले आत ठेवावे. वर कापसाची उशी दाबून बसवावी. तास-सव्वा तासात भात आतल्या आत शिजतो. तेवढे सरपण वाचते. मात्र पातेल्याच्या बुडाला निखारा चिकटलेला नाही ना, हे नीट पाहावे. कापूस आतून धुमसत राहतो आणि लवकर कळत नाही.

एका कामाला मात्र हा कापूस कधीही घेऊ नये. जखमेवर तो लावू नये. बाळाच्या नाळेवर तर मुळीच नको. "कापूस तो कापूस, दवाखान्यातला काय वेगळा असतो?" असे कोणी म्हणेल. घरीच पाहा. एका वाटीत पाणी घ्या. आपला न धुतलेला कापूस त्यावर टाका. तो तरंगत राहतो, कारण त्याच्या तंतूंवर मेणासारखा थर असतो. दवाखान्यातला कापूस लगेच भिजून बुडतो. त्याचा तो थर काढलेला असतो. म्हणून तो रक्त-पू शोषतो. आपला शोषत नाही. शिवाय गादीच्या कापसात धूळमाती असते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. जखमेतून ते अंगात शिरतात. नाळेतूनही शिरतात. या रोगाने माणूस दगावतो.

नाळेला काही लावू नये. ती कोरडी व उघडी ठेवावी. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. उकळून उन्हात वाळवलेल्या फडक्याची पट्टी बांधावी. जखम खोल असेल किंवा तिला माती-शेण लागले असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारावे.