चरखा किती जुना?

बालमित्रांनो, शंभर वर्षे झोपलेल्या राजकन्येची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. चरख्याची चाती बोटाला टोचते आणि ती झोपी जाते. तुमच्या आई-बाबांना मात्र चरखा म्हटले की गांधीजी आठवतात आणि वाटते, ‘हा आपल्याकडे वेदकाळापासून असणार!’ पण इतिहासात ‘असणार’ चालत नाही, पुरावा लागतो. चला, आज आपण मध्ययुगातल्या चरख्याचे चार साक्षीदार तपासू या.

१) वस्तू : चरखा लाकडी. लाकूड कुजते किंवा चुलीत जाते. उत्खननात सापडतात त्या टकळीच्या मातीच्या किंवा दगडाच्या चकत्या. लोक सूत कातत होते एवढे त्या सांगतात; चाकावर कातत होते का, हे सांगत नाहीत.

२) चित्र : लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘लट्रेल सॉल्टर’ हे हस्तलिखित आहे. ते साधारण 1325 ते 1340 या काळात इंग्लंडमध्ये तयार झाले. त्यातल्या एका चित्रात एक बाई उभी राहून मोठे चाक फिरवते आहे आणि दुसरी लोकर विंचरते आहे.

३) नियम : जर्मनीतल्या श्पायर शहरात 13 व्या शतकाच्या अखेरीस नियम होता, की चाकावर कातलेले सूत बाण्याला चालेल, ताण्याला नाही. ताण्यावर ओढ जास्त पडते ना! आता सांगा, मनाई कशाची करतात? लोक जे करतात त्याचीच.

४) काव्य : मुहंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादला हलवले, तेव्हा इसामी नावाचा कवी दख्खनमध्ये आला. 1350 मध्ये त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फारसी काव्य पुरे केले. त्यात रझिया सुलतानावर टीका करताना तो म्हणतो, की बाईने राज्य करू नये, चरख्याशी बसावे. हे मत आपल्याला मुळीच मान्य नाही! पण इसामीला चरख्याचा इतिहास सांगायचा नव्हता. वाचकांना चरखा ठाऊक आहे असे तो धरूनच चालतो, म्हणून त्याची साक्ष मोलाची. इतिहासकार इरफान हबीब यांनी या उल्लेखाकडे लक्ष वेधले.

मग चरखा भारतात 1350 साली आला का? नाही. 1350 च्या आधी आला, इतकेच सिद्ध होते. आजीचा सर्वांत जुना फोटो तिच्या लग्नातला असेल, तर आजी लग्नाच्या दिवशी जन्मली असे कोणी म्हणेल का?

चरखा मुळात चीनचा, इराणचा की भारताचा, यावर अजून वाद आहे. आपला देश आपल्याला प्रिय आहेच. पण निकाल पुराव्याने लागू द्यावा.

शब्दार्थ
टकळी – हाताने फिरवून सूत कातायचे छोटे साधन
चाती – चरख्याची सूत गुंडाळणारी बारीक सळई
ताणा-बाणा – कापडातले उभे-आडवे धागे
चरखा – फारसी ‘चर्ख’ म्हणजे चाक. आपल्या ‘चक्र’ शब्दाचा नातेवाईक

गृहपाठ : घरातली एक जुनी वस्तू निवडा. तिच्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, ते पाच ओळींत लिहा. आई-बाबांची मदत चालेल!