राज्यचिन्हे : शासनमान्य आणि लोकमान्य

राज्याची चिन्हे दोन मार्गांनी अस्तित्वात येतात. काही शासनाच्या आदेशाने ठरतात, तर काही लोकव्यवहारात रुजतात. बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी या वस्तीत कर्नाटकाची ही दोन्ही प्रकारची चिन्हे शेजारी शेजारी आढळतात.

शासकीय कार्यालयांच्या पाट्यांवरील बोधचिन्हाच्या मध्यभागी गंडभेरुंड हा दोन मस्तकांचा काल्पनिक पक्षी असतो. बळ्ळिगावी येथे इ. स. १०४७ च्या स्तंभावर त्याची मूर्ती आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तो दिसतो आणि पुढे म्हैसूरच्या वडेयर घराण्याने त्याचा राजचिन्ह म्हणून स्वीकार केला. लोकशाही राज्याने राजघराण्याचे चिन्ह कायम ठेवले, परंतु त्याच्या शिरोभागी अशोकस्तंभाचे सिंह बसवले. सत्तेचे मूळ बदलल्याची ही खूणच होय. हत्ती, नीलपंख, चंदनवृक्ष आणि कमळ हीदेखील कर्नाटकाची राज्यचिन्हे आहेत. महाराष्ट्रात शेकरू, हरियाल आणि ताम्हण यांना असेच स्थान आहे.

याउलट चौकातील खांबांवर व रिक्षाथांब्यांवर फडकणारा पिवळा-तांबडा ध्वज शासनमान्य नाही. कन्नड चळवळीतील लेखक म. राममूर्ती यांनी १९६० च्या दशकात तो तयार केला. हळद आणि कुंकू यांचे हे रंग घरोघरी परिचित असल्याने त्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नाही. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने मधे पांढरा पट्टा व त्यावर बोधचिन्ह असलेला नवा तिरंगी ध्वज सादर केला, परंतु त्यास केंद्राची मान्यता लाभली नाही. लोकांनी मात्र जुना दुरंगी ध्वजच हाती ठेवला.

गीताची वाट निराळी ठरली. कुवेंपू यांचे ‘जय भारत जननिय तनुजाते’ हे गीत २००४ मध्ये राज्यगीत झाले. कर्नाटक ही भारतमातेची कन्या, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. ते कोणत्या चालीत गावे याविषयी मतभेद राहिले. अखेर २०२२ मध्ये म्हैसूर अनंतस्वामी यांची चाल आणि अडीच मिनिटांचा अवधी निश्चित करण्यात आला. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या आधीच लोकप्रिय असलेल्या गीतास राज्यगीताचा दर्जा दिला. म्हणजे दोन्ही ठिकाणी लोकमान्यता आधी आणि शासनमान्यता नंतर, असाच क्रम दिसतो.

तथापि चिन्ह ज्यांना एकत्र आणते, त्यांच्याभोवती ते एक सीमाही आखते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारावर राज्यांची पुनर्रचना झाली. बनशंकरीत तो दिवस राज्योत्सव म्हणून साजरा होतो. बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समिती तोच दिवस काळा दिन म्हणून पाळते. ध्वज तोच, पण पाहणाऱ्याच्या स्थानानुसार त्याचा अर्थ पालटतो.

या वस्तीचे नाव मात्र अशा सीमेत मावत नाही. येथील मंदिर १९१५ मधील. पण बनशंकरीचे मूळ स्थान बदामीजवळ असून ती चालुक्यांची कुलदेवता मानली जाते. पौष महिन्यातील शाकंभरी नवरात्रात कन्नड कुटुंबांप्रमाणे अनेक मराठी घरांतही तिचीच पूजा होते. कोणत्याही राज्याच्या चिन्हांच्या यादीत तिचे नाव नाही, आणि भाविकांना त्याची गरजही भासलेली नाही.