ट्यूब गेली तर जाऊ द्या

कोरेगावाकडची पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. पूर्वी पाठीला वाळलेले भोपळे नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधायचे, आता तेलाचा रिकामा कॅन बांधतात. दर उन्हाळ्यात गावातल्या पोरांना शिकवताना मी बघत आलोय, कॅन पाठीला बांधलेलं पोर सहसा गोत्यात येत नाही. नुसता हातात धरलेलं येतं. हात सुटला की आधार गेला.

विहिरीत निदान काठ जवळ असतो, तलावात तोही नसतो. एका वैशाखात आमच्या पाझर तलावावर पोरांनी ट्रॅक्टरची ट्यूब आणली होती. दुपारी वारा सुटला, ट्यूब एकाच्या हातून निसटली आणि तो तिच्यामागं लागला. पोरगं चांगलं पोहणारं. पण ट्यूब पाण्यावर अलगद बसलेली, तिला वारा पळवतो. माणसाचं अंग पाण्याखाली, त्याला स्वतःच हात मारावे लागतात. हा जवळ जाई तोवर ती पुढं सरके. शेवटी तो माघारी वळला, पण काठापासून वीस-पंचवीस फुटांवर त्याचा दम संपला. ओरडलाही नाही. तोंड वर करून नुसता पाणी दाबत राहिला. बुडणारा माणूस बहुधा असाच गप्प असतो, म्हणून काठावरच्या एकानं फक्त पाण्याकडं बघत बसायचं, मोबाइलकडं नाही.

आमच्याकडं दोन कासरे जोडून बांधलेला कॅन तयार होता. रिकामा कॅन लांब जात नाही, म्हणून त्यात तांब्याभर पाणी ठेवून बूच घट्ट लावलेलं. तो पोराच्या पलीकडं फेकला आणि ओढत त्याच्या हाताशी आणला. कुणीही उडी मारली नाही. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि मग दोघंही जातात.

कॅन बांधायचा तो काखेखालून, पाठीवर उंच. कंबरेवर घसरला तर बूड वर येतं आणि तोंड पाण्यात जातं. वीस लिटरचा कॅन जवळजवळ वीस किलो वजन तोलतो. पोराचं डोकं वर राहायला पाच लिटरचाही पुरतो, पण बूच गळकं नको. ट्यूबच्या भोकात बूड घालून बसू देऊ नका. ती उलटली की पाय अडकून डोकं खाली राहतं. तराफ्यावर सगळे एका कडेला आले तर तोही उलटतो. खाली सापडलात तर हात डोक्यावर धरून एकाच दिशेनं सरकायचं, कड लागतेच.

पाणी उपसायला ड्रमांवर तरंगती मोटर ठेवलेली असते, तिच्या आसपास पोरांना फिरकू देऊ नका. स्टार्टर बंद आहे असं कुणी सांगितलं तरी नाही. बऱ्याच ठिकाणी ऑटो लावलेला असतो, लाइट आली की मोटर आपोआप चालू होते, आणि केबल कुठं सोललेली आहे ते पाण्यात दिसत नाही.

वळवाचं आभाळ दिसलं की सगळ्यांना बाहेर काढा. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. जिथं बोट टिकली नाही तिथं ट्यूबचं काय घेऊन बसलात?

शेततळ्याचा धोका आणखी निराळा आहे. शेवाळलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. गाठी मारलेला दोर चारी बाजूंनी पाण्यात सोडून ठेवा, वरचं टोक खुंटाला पक्कं बांधा, आणि एक ट्यूब दोरासकट कायम काठावर असू द्या. भोवती कुंपण हवंच.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर उलटा टांगू नका, पोट दाबू नका. एकानं 108 ला फोन लावावा, दुसऱ्यानं लगेच तोंडानं श्वास द्यावा, मग छाती दाबायला घ्यावी. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर त्रास काही तासांनीही वाढतो.