पडदा का उजळत नाही?

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेला मोठा मॉनिटर आम्ही इतिहासाच्या तासाला लिनक्सच्या लॅपटॉपला जोडला, तेव्हा पडदा काळाच राहिला. मॉनिटर निकामी आहे, असे आम्ही जाहीरही केले. तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठली, "सर, पडद्यावर 'व्हीजीए' असे येऊन गेले. केबल तर एचडीएमआयची आहे ना?" मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदलताच नकाशा उमटला. पुरावा समोर असताना तो न वाचताच आम्ही निष्कर्ष काढला होता.

तेव्हापासून आम्ही बाहेरून आत तपासत जातो. प्रथम वीज, इनपुट आणि केबल पाहावी. शक्य तर दुसरी केबल लावावी. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दुसरा पडदा दिसतो का, ते पाहावे. एक्सऑर्ग सत्र असल्यास टर्मिनलमध्ये 'एक्सरँडर' ही आज्ञा द्यावी. पोर्टच्या नावापुढे 'डिसकनेक्टेड' आले, तर दोष बहुधा केबल, अडॅप्टर किंवा पोर्टमध्ये असतो. 'कनेक्टेड' असूनही चित्र नसेल, तर आज्ञेपुढे जागा सोडून, दोन आडव्या रेघा देऊन 'ऑटो' लिहावे. वेलँड सत्रात मात्र बदल सेटिंग्जमधूनच करावेत. पोर्ट यादीतच नसेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासावा. अपडेटनंतर बिघाड झाला असल्यास लॅपटॉप सुरू होताना जुने कर्नल निवडून पाहावे. एका वेळी एकच बदल करावा; नाहीतर गुण कशाने आला, ते कळत नाही.

तो मॉनिटर आजही वर्गात आहे. अडगळीत जाण्यापासून तो वाचला, तो त्या मुलीच्या प्रश्नामुळे.