विकराचे घर

आपल्या ताटातील भाकरीचा प्रत्येक घास मुळात हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून घडलेला असतो. हा वायू पकडून अन्ननिर्मितीचा आरंभ करण्याचे काम पानातील रुबिस्को हे विकर करते. मात्र त्याच्यावर दोन आरोप आहेत. ते मंद आहे. सेकंदाला अवघे काही रेणू हाताळते. शिवाय ते अनेकदा चुकून ऑक्सिजन पकडते आणि वनस्पतीची शक्ती वाया जाते.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांस प्रश्न पडतो : हा दोष विकराचा की परिस्थितीचा? रुबिस्को उदयास आले तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. हवा पुढे बदलली.

नीलहरित शैवाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूंत या विकराला स्वतंत्र घर असते. प्रथिनांच्या या सूक्ष्म कवचाला १९७३ मध्ये कार्बोक्सिसोम हे नाव मिळाले. पेशी बायकार्बोनेट साठवते. ते कवचात शिरले की दुसरे विकर त्याचा कार्बन डायऑक्साइड करते. रुबिस्कोभोवती हा वायू दाटतो आणि चुका घटतात.

असे घर बांधण्याचे प्रयत्न आता चालू आहेत. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकात साधे कार्बोक्सिसोम उभारले. परंतु ती रोपे जादा कार्बन डायऑक्साइडमध्येच वाढवावी लागली, कारण बायकार्बोनेट आत आणणारी यंत्रणा तेथे नव्हती. २०२० मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे, रुबिस्कोवर अवलंबून केलेल्या ई. कोलाय जिवाणूत ती यंत्रणा, कवच व विकरे यांची वीस जनुके एकत्र बसविली, तेव्हा तो साध्या हवेत वाढला. सिडनी येथील संशोधकांनी एन्कॅप्सुलिन या एकाच प्रथिनाच्या, आपोआप जुळणाऱ्या कवचात रुबिस्को बसविले आहे. पिकांत हे साधल्यास कमी पाण्यात व खतात अधिक धान्याची आशा आहे. कोरडवाहू शेतकऱ्यास त्याचे मोल सांगावयास नको.

निसर्गावरून समाजाचे नियम काढू नयेत, हे आम्ही जाणतो. त्या युक्तिवादाने आपले पुष्कळ नुकसान केले आहे. परंतु दोष देण्यापूर्वी कारणे तपासावीत, ही तथागतांची शिकवण दोन्हीकडे लागू पडते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, तेही मुलांची बुद्धी नव्हे, परिस्थिती बदलण्यासाठी. मात्र भिंती उभारल्या म्हणजे काम संपत नाही. आत अन्न, ग्रंथ आणि आपुलकी अखंड पोहोचत राहिली पाहिजे. आपल्या वसतिशाळेचे माजी विद्यार्थी व पालक यांची जबाबदारी नेमकी तीच आहे.