वनांच्या पुनरुज्जीवनाच्या संशोधनातील हंगामी कामे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तरेस सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्यावरील वन शुष्क पानझडी प्रकारचे असून साग, धावडा, सालई, खैर, अंजन व पळस हे तेथील परिचित वृक्ष होत. या रांगेतील गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. अभयारण्याबाहेरच्या अनेक टेकड्या मात्र चराई, लाकूडतोड व वणवे यांमुळे उघड्या पडल्या आहेत. अशा जमिनीवर कोणती झाडे कोणत्या रीतीने पुन्हा उभी राहतात, हे ठरविण्यासाठी प्रयोगाचे तुकडे आखून त्यांवर काही वर्षे नजर ठेवावी लागते. वन विभाग, विद्यापीठे व काही संस्था अशा कामांवर माणसे हंगामापुरती घेतात. अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांतील तरुणांना हे काम करण्यासारखे आहे. परंतु ते नेहमीच्या मजुरीहून थोडे निराळे आहे.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात हजारो लोक बांधबंदिस्तीच्या व खडी फोडण्याच्या कामांवर होते. तेथे हजेरी लागे आणि माती घनमापाने मोजली जाई. संशोधनाच्या कामात हातांबरोबर डोळ्यांचीही मजुरी असते.

कामाचा आरंभ बियांपासून होतो. पावसाळा सरल्यावर मारवेल, पवन्या या गवतांचे बी झडण्यापूर्वी गोळा करावे लागते. हिवाळ्यात सागाची फळे व खैराच्या शेंगा, उन्हाळ्यात अंजन आणि पळस, असा क्रम चालतो. अंजन दरवर्षी सारखे बी धरीत नाही. म्हणून ज्या वर्षी ते भरघोस येते त्या वर्षी गाफील राहू नये. निंबोळीची उगवणशक्ती थोड्याच आठवड्यांत कमी होऊ लागते, तर सागाचे टणक फळ आलटून पालटून भिजवून वाळवावे लागते. कोणत्या झाडाखालून व कोणत्या तारखेस बी घेतले, याची चिठ्ठी पिशवीत घालणे हा कामाचाच भाग होय. उन्हाळ्यात खड्डे व समतल चर खोदून घेतात, घाणेरीची झुडपे मुळासकट काढतात, आणि जमीन चांगली भिजल्यावर लागवड होते. ही कामे शेतकऱ्यास नवी नाहीत.

नवे काम आहे ते मोजणीचे. प्रत्येक रोपास क्रमांक असतो. त्याची उंची व बुंध्याची जाडी घेतात. मोठ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. गवतासाठी १ मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकून तिच्यातील प्रत्येक जात ओळखावी लागते. येथे गुराख्याचे ज्ञान पदवीधराच्या ज्ञानाहून पुष्कळदा सरस ठरते, हे मान्य करावयास हवे.

मोजणीत दोन चुका वारंवार होतात. पहिली मे महिन्यातील. पाने झडलेले रोप मेलेले समजून तसे लिहिले जाते. सागाचे व अंजनाचे कोवळे रोप उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळते आणि पावसाबरोबर मुळाजवळून पुन्हा फुटते. म्हणून नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असल्यास रोप जिवंत आहे. वरचा भाग सुकला असेल तर बुंध्याशी पाहावे, आणि शंका राहिल्यास ‘शेंडा वाळलेले’ अशी वेगळी नोंद करून पावसानंतर पुन्हा तपासावे.

दुसरी चूक अधिक घातक आहे व ती सद्‍हेतूने होते. कपाशीत नांगे पडले की शेतकरी ते भरतो. तीच सवय येथेही चालविली जाते. समजा, १०० रोपांपैकी ४० मेली आणि त्या जागी नोंद न करता नवी लावली. वहीत १०० जिवंत दिसतील, व ती जात त्या टेकडीस मानवते असा निष्कर्ष निघेल. पुढे त्याच आधारावर दुसऱ्या गावच्या माळावर हजारो रोपे लावली जातील आणि तीही मरतील. ‘क्रमांक ३७, मेले, मुळाशी वाळवी’ एवढी एक ओळ भरलेल्या नांग्यापेक्षा मोलाची आहे. मेलेल्या रोपांबद्दल मजुरी कापण्याची प्रथा जेथे असेल तेथे ही ओळ कोणी लिहिणार नाही; काम देणाऱ्यांनी हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आणखी एक अडचण मराठवाड्याची स्वतःची आहे. पावसाळ्यानंतरची मोजणी दसरा-दिवाळीच्या सुमारास येते, आणि त्याच वेळी अनेक कुटुंबे ऊसतोडीस निघतात. ज्याने रोपे लावली तो मोजणीस नसतो. लागवडीच्या वेळीच घरी राहणाऱ्या एखाद्या व्यक्तीस, विशेषतः गवताची व बियांची पारख असलेल्या स्त्रियांस, सोबत शिकवून ठेवल्यास वहीत खंड पडत नाही. मोजणीचे दिवस आधी कळले तर काही कुटुंबांचा एखादा माणूस ऊसतोडीस न जाता मागे राहू शकेल.

कामासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अथवा ग्रामपंचायतीत चौकशी करावी. मजुरी दिवसावर आहे की खड्ड्यावर, मोजणीच्या दिवसांचे पैसे वेगळे मिळतात काय, आणि सर्पदंश वा उष्माघात झाल्यास दवाखान्यात कोण नेणार, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नोंदी पेन्सिलीने लिहाव्यात. पावसात शाई पसरते.