आजारपण आणि व्यायाम : मैदान केव्हा, विश्रांती केव्हा?

नियमित व्यायाम हा आरोग्याचा पाया होय, याविषयी दुमत नाही. परंतु अंगात कणकण असताना व्यायाम करावा की टाळावा, हा निर्णय शाळेच्या मैदानावर, तालमीत आणि पोलीस भरतीच्या सरावात अनेकदा चुकतो. ‘घाम काढला की ताप उतरतो’ हा समज त्याच्या मुळाशी आहे. हा समज घातक असून चरकसंहितेतही नवज्वरात व्यायाम वर्ज्य सांगितला आहे.

तापात अपाय का होतो?

शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १० ने वाढतात. व्यायामामुळे स्नायूंत आणखी उष्णता निर्माण होते, घामावाटे पाणी कमी होते आणि हृदयावर दुहेरी ताण पडतो. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूंना सूज येते. अशा वेळी जोराने धावल्यास हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. हिवतापात प्लीहा वाढते. कबड्डीत वा कुस्तीत पोटावर आघात झाल्यास ती फुटण्याचा धोका असतो.

निर्णयाची कसोटी

लक्षणे मानेच्या वरची, म्हणजे वाहते नाक, शिंका, घशातील किंचित खवखव एवढीच असतील आणि ताप नसेल, तर चालणे वा हलकी आसने करण्यास हरकत नाही. त्रास वाढू लागल्यास मात्र लगेच थांबावे. छातीत दाटलेला कफ, सर्वांगदुखी, उलट्या, जुलाब किंवा ३८ अंश सेल्सिअस (१००.४ अंश फॅरनहाइट) व त्याहून अधिक ताप असल्यास विश्रांतीच घ्यावी. छातीत दुखणे, धाप, धडधड वा भोवळ जाणवल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

भरतीतील १६०० मीटर धावण्याचा सराव चुकू नये म्हणून गोळी घेऊन मैदानात उतरणे धोक्याचे आहे. गोळीने दबलेला ताप हा गेलेला ताप नव्हे. डेंग्यूमध्ये तर ताप उतरतानाच, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, प्रकृती एकाएकी खालावू शकते. साध्या तापातही औषधाविना किमान २४ तास ताप नसल्याची खात्री करावी व त्यानंतर काही दिवस निम्म्याच श्रमाने प्रारंभ करावा. डेंग्यू वा हिवतापानंतर डॉक्टरांच्या संमतीनेच व्यायाम सुरू करावा.

शिक्षकांनी खेळाच्या तासापूर्वी विद्यार्थ्यांची विचारपूस करावी आणि आजारी मुलास कामचुकार ठरवू नये. ग्रामपंचायतींनीही स्पर्धा भरविताना आजारी खेळाडूस सन्मानाने माघार घेता येईल, अशी व्यवस्था ठेवणे आवश्यक आहे. बुडालेला सराव पुढे भरून काढता येतो. गमावलेला जीव परत येत नाही.